शिक्का मागच्या बाजूला

आमच्या घरात ज्या कागदावर गोल शिक्का असेल, त्याचं लॅमिनेशन होतं. हा अप्पांचा कायदा. रेशनकार्ड, आईच्या शिवणक्लासचं सर्टिफिकेट, वीजमीटर नावावर झाल्याचं पत्र, माझं चौथीतलं वक्तृत्व स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये बंद होऊन लोखंडी ट्रंकेत पडलेलं. अप्पांचं इस्त्रीचं दुकान आहे, घराला लागूनच. तिथलं दरपत्रक शिक्का नसतानाही लॅमिनेट झालं होतं, कारण कपड्यांवर पाणी शिंपडताना त्यावर थेंब उडायचे.

यामागे एक जुनं दुखणं आहे. पंचविशीत असताना अप्पांना एका शाळेत शिपायाची जागा मिळणार होती. मुलाखतीच्या आधी पत्र्यातून गळलेलं पाणी ट्रंकेत शिरलं आणि त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची शाई पसरली. दुसरा दाखला काढेपर्यंत जागा भरली गेली. तेव्हापासून ते इस्त्रीच्या टेबलामागे उभे आहेत. 'माणूस कशानं बी मरतंय, कागुद पाण्यानंच मरतोय,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वाक्यापायी माझं अख्खं वर्ष बुडायची वेळ आली होती.

बारावीनंतर मी पुण्याला गेले होते, बी.एस्सी.ला. आमच्या सोलापूरच्या गल्लीतून पुण्याला शिकायला जाणारी मी पहिली मुलगी. गल्लीत बहुतेक घरं विणकरांची, घरात तेलुगू बोलणारी. आम्ही मराठी बोलणारे दोन-तीनच. पण त्या सगळ्यांनी मिळून कोपऱ्यावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो एवढा मोठा की मला स्वतःच्या नाकाची लाज वाटली. महिनाभराने तो उतरवला, तेव्हा अप्पांनी मागून घेतला आणि दुकानासमोर सावलीला बांधला. तेव्हापासून गिऱ्हाइकं माझ्या तोंडाखाली उभी राहून कपडे मोजून देत.

पुण्यात मला कुणी त्रास दिला नाही. हेच मला कुणाला धड सांगता येत नव्हतं. होस्टेलवरच्या मुली बऱ्या होत्या, शिकवणारे बरे होते, मार्कही बरे पडले. पण ऑक्टोबरपासून मला घास गिळवेना. आई मंगळवेढ्याच्या मामाकडच्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवायची. डबा आला की मी तो उघडून वास घ्यायचे आणि परत झाकण लावायचे. रविवारी तर पलंगावरून उठणं व्हायचं नाही. दारू नाही, प्रेम नाही, नापास नाही. लोकांना पटेल असं काही झालंच नव्हतं. मी तिथे राहू शकत नव्हते, एवढंच होतं. परीक्षा संपल्यावर घरी आले आणि जेवताना सांगून टाकलं, की दुसरं वर्ष मी सोलापुरातच करणार.

आईने पदर तोंडाला लावला. अप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, जरा वेळाने परत उचलला आणि म्हणाले, 'बघू की.'

अप्पांचं 'बघू की' म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. पाणी दे. दार लाव. गिऱ्हाइकं विचारायची, 'पोरगी सुट्टीला आल्या का?' तर ते नुसतं 'हूं' म्हणायचे आणि इस्त्री जरा जोरात आपटायचे. मी आतून ऐकत असायचे. मला वाटायचं, या माणसाला माझी लाज वाटतेय. बरं, मीही काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. अप्पांच्या इस्त्रीला तापायला वीस मिनिटं लागतात, हिला तेवढीही लागत नाहीत, असं आई माझ्याबद्दल म्हणते. त्यांनी एक शब्द गिळला की मी दोन गिळायचे. घरात दोघं उपाशी नसून उपाशी असल्यासारखी वावरत होतो.

विद्यापीठ बदलायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आधीचा प्रवेश रद्द केल्याशिवाय मायग्रेशन मिळत नाही. मायग्रेशन म्हणजे 'ही विद्यार्थिनी आता आमची नाही, दुसरीकडे जायला हरकत नाही' असा आधीच्या विद्यापीठाचा दाखला. आणि तो मूळ दाखला दिल्याशिवाय नव्या ठिकाणी प्रवेश पक्का होत नाही. मधले काही दिवस माणूस कुठल्याच कॉलेजचा विद्यार्थी नसतो. सोलापूरच्या कॉलेजने मला तात्पुरता प्रवेश दिला होता आणि कागद द्यायची शेवटची मुदत होती शुक्रवार, संध्याकाळी पाच. ती चुकली की जागा गेली. पुण्याची तर मी स्वतःच सोडलेली. म्हणजे वर्षभर फ्लेक्सखाली बसून शर्टांना बटणं लावायची.

रविवारी पुण्याहून मायग्रेशन घेऊन आले. जाड कागद, वर निळी नक्षी, खाली सही आणि गोल शिक्का. सोमवारी सकाळी मी अप्पांसमोर दोन गोष्टी ठेवल्या: ते मायग्रेशन, आणि नव्या कॉलेजचा फॉर्म. फॉर्मचं शेवटचं पान पालकांनी भरायचं होतं. त्यात तीन रेघा मारलेल्या होत्या आणि वर छापलं होतं, 'विद्यापीठ बदलण्याचे कारण'. खाली सही.

अप्पांनी चष्मा लावून ते पान वाचलं. बराच वेळ वाचलं. तीन रेघांत वाचण्यासारखं होतं तरी काय? मग घडी घालून टेबलाच्या खणात टाकलं.

'भरून द्या की, अप्पा.'

'बघू की.'

मंगळवारी विचारलं, तेच. बुधवारी विचारलं, तेच. गुरुवारी मी कॉलेजला निघाले तेव्हा म्हणाले, 'आदी बाकीचे कागद दाखवून ये. मग देतो.' मी रागाने फाइल उचलली आणि आत न बघता निघाले. तिथेच चुकले. आत बघितलं असतं तर तमाशा निदान घरात झाला असता.

कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाची एकच खिडकी, आणि खिडकीत एक मॅडम. चेहरा कडक, पण बोलणं सरळ. त्यांनी एकेक कागद ओढून घेतला. मार्कलिस्ट, आधार, फोटो. मग मायग्रेशन हातात घेतलं आणि थांबल्या. बोटाने वाजवून बघितलं. टक् टक् आवाज आला.

'हे काय केलंस?'

मी बघितलं. मायग्रेशन चकाकत होतं. चारी बाजूंनी प्लास्टिकची बोटभर किनार, कोपरे गोल कापलेले. अप्पांच्या सगळ्या कागदांसारखं.

'लॅमिनेशन कुणी करायला सांगितलं? याच्या मागच्या बाजूला आमची नोंद लिहायची असती. शिक्का मारायचा असतो. मग दोन्ही बाजू स्कॅन करून विद्यापीठाला जातंय.' त्यांनी मला समजावं म्हणून शिक्का शाईत बुडवला आणि प्लास्टिकवर मारून दाखवला. जांभळा गोल उमटला. मग अंगठा फिरवला. गोल गेला, त्यांचा अंगठा जांभळा झाला.

'बघ. आता हे चालत न्हाय. दुसरी प्रत आण.'

'उद्या शेवटची तारीख आहे, मॅडम.'

'मला माहीत हाय की. पण मी कशावर शिक्का मारू, सांग.'

बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी पुण्याला फोन लावला. चौथ्यांदा लागला. दुसरी प्रत मिळते, पण आधी पोलिसांत तक्रार, मग प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. तीन आठवडे धरा, असं पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं. माझ्या हातात तीन आठवडे नव्हते. सव्वा दिवस होता.

घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच हिशेब पक्का होत गेला. चार दिवस फॉर्म भरत नाहीत. धड बोलत नाहीत. आणि मला न विचारता नेमका हाच कागद निकामी करतात. हे अजाणता होत नाही. मी वर्ष बुडवून, शरमून परत पुण्याला जावं, असा यांचा डाव आहे. आज लिहिताना हसू येतं, कारण अप्पांना डाव रचता आला असता तर ते इस्त्रीच्या टेबलामागे कशाला असते? पण रागाला असले प्रश्न पडत नाहीत.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्यादेखत मायग्रेशन टेबलावर आपटलं.

'हे तुम्ही केलंत?'

अप्पांनी इस्त्री बाजूला उभी केली. 'व्हय. चांगलं झालंय की. दोन्ही बाजूंनी.'

'चांगलं? वाट लावलीत तुम्ही माझी! हे आता चालत नाही. कुठेच चालत नाही. मुद्दाम केलंत तुम्ही. मी परत यायला नको होतं ना तुम्हाला? फ्लेक्स फुकट गेला ना तुमचा? सरळ सांगायचं होतं, पुण्यात मर म्हणून!'

गिऱ्हाइकं आपापले कपडे न घेताच निघून गेली. अप्पांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा राग आला नाही. त्यांनी कागद उचलून शर्टाच्या बाहीने पुसला, जसा काही तो मळल्यामुळे नाकारला होता.

'कागुद चांगला ऱ्हावा म्हणून केलं, बाळा,' एवढंच म्हणाले.

मी ऐकून घ्यायला थांबलेच नाही. कागद हिसकावून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. ते दुकान गल्लीत सगळे ज्यांना चाचा म्हणतात त्यांचं. आमच्या ट्रंकेतलं सगळं प्लास्टिक त्यांच्याच मशीनमधून निघालेलं. चाचांनी कागद उलटा-सुलटा केला आणि कपाळावर हात मारला.

'मैं पूछ्या था की तेरे अप्पा को, ओरिजिनल है क्या करके. तो क्या बोले मालूम? ओरिजिनल हाय म्हणून तर करायचंय.'

'काढून द्या, चाचा.'

'बेटी, मेरी मशीन लगाती है, निकालती नै.' त्यांनी एका कोपऱ्यात नख घालून बघितलं. किनार निघेना. 'जोर करे तो कागज फटेगा. फिर मेरे को मत बोल.' त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायला नाही. त्यांना वाईट वाटतंय, हेच मला आणखी घाबरवत होतं.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. आईने मला मोरीपाशी गाठलं. 'त्यांचं चुकलं, मान्य. पर मुद्दाम म्हणालीस ते परत घे.'

'नाही घेणार.'

'तोंडाचा पट्टा सोडताना बापाचं तोंड तरी बघितलंस का?'

बघितलं होतं. म्हणूनच परत घेता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी उठले. साडेआठ वाजले होते. अप्पा दाराच्या चौकटीत उभे होते. कालपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

'शिक्का पुढं मारायचाय का मागं?'

'काय?'

'कॉलेजात. तेंचा शिक्का. पुढच्या अंगाला का मागच्या?'

'मागे.'

'मागं काय छापलंय?'

'काही नाही. कोरं आहे.'

अप्पांनी मान हलवली. 'मग समदं कुटं काढायचंय? मागचंच काढू. पुढचं ऱ्हाऊ दे तसंच.'

मॅडमना, चाचांना, पुण्याच्या माणसाला, मला, कुणालाच हे सुचलं नव्हतं. पण सुचणं वेगळं आणि होणं वेगळं. जगात त्या कागदाची एकच प्रत होती आणि तो अप्पा कोळशाच्या इस्त्रीखाली घालायचं म्हणत होते.

'जळला तर?'

'जळला तर जळला. आज बी चालत न्हाय, जळून बी चालनार न्हाय.' मग म्हणाले, 'पर तुजा कागुद हाय. तू म्हण.'

ज्या माणसाने माझा घात केला असं मी काल गल्लीला ओरडून सांगितलं, त्याच्याच हातात तो कागद द्यायचा होता. शेवटी फाइल उघडली आणि दिला.

आधी त्यांनी भिंतीवरचं दरपत्रक काढलं. तेही चाचांच्याच मशीनमधलं, तेच प्लास्टिक. त्यावर मलमलचं कापड टाकून इस्त्री फिरवली आणि कोपरा धरून वर ओढला. प्लास्टिक सुरकुतलं, कागद टर्रकन फाटला. 'शर्ट' एका बाजूला गेला आणि 'पँट' दुसऱ्या. आई दारात येऊन उभी राहिली.

'आच जास्त झाली,' अप्पा स्वतःशीच म्हणाले. 'आन् वर न्हाय ओढायचं.'

मग त्यांनी जे केलं ते मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्याकडे लक्ष असं कधी दिलं नव्हतं. रेशमी साडी आली की अप्पा ताज्या निखाऱ्यांची इस्त्री तिला लावत नाहीत. आधी दोन-तीन जाड सुती पँटी करून घेतात, इस्त्रीचा माज उतरवतात, आणि निखाऱ्यांवर राख धरली की मग साडीला हात घालतात. त्यांनी तसंच केलं. गिऱ्हाइकांच्या दोन पँटी केल्या. इस्त्री गालाजवळ नेऊन बघितली. आणखी एक पँट केली. मी घड्याळाकडे बघत होते. साडेदहा झाले.

'अप्पा, पाचला खिडकी बंद होते.'

'होऊ दे की. इस्त्रीला घड्याळ कळत न्हाय.'

दुसरा प्रयोग माझ्या वक्तृत्वाच्या प्रशस्तिपत्रावर झाला. या वेळी त्यांनी प्लास्टिक वर न ओढता मागे दुमडून, टेबलाला जवळजवळ चिकटवून ओढलं. खळ देऊन पॉलिश केलेल्या साडीला घडीतला कागद चिकटला, की तो असाच काढतात. प्लास्टिक निघत आलं, निघत आलं, आणि प्रशस्तिपत्राची मागची बाजू उघडी पडली. एका कोपऱ्यात थोडा लगदा उठला, बाकी ठीक.

'आता तू ये,' अप्पा म्हणाले. 'माझं हात घामेजलेत. मी इस्त्री फिरवतो, तू ओढ. मी म्हणल्याबिगर ओढायचं न्हाय.'

मायग्रेशन टेबलावर अंथरलेल्या घोंगडीवर पालथं घातलं. वर मलमल. अप्पांनी इस्त्री टेकवली नाही, नुसती फिरवली, वजन सगळं आपल्या मनगटावर ठेवून. एक, दोन, तीन फेऱ्या. मलमल उचललं. कोपरा सुटला होता.

'ओढ. हळू. मागं, मागं.'

मी ओढलं. नखाएवढं आलं. मलमल परत टाकलं, इस्त्री फिरली, मलमल उचललं. 'ओढ.' बोटभर आलं. 'थांब.' आम्ही दोघं एकमेकांकडे बघतही नव्हतो. फक्त 'ओढ' आणि 'थांब'. महिनाभरात इतके शब्द तो माणूस माझ्याशी बोलला नव्हता.

अर्ध्यावर आलो आणि अडकलं. पुढच्या बाजूला जिथे सही होती, तिथे पेन दाबून मारलेलं. मागे कागद उठला होता आणि प्लास्टिक त्याला घट्ट धरून बसलेलं. मी किंचित जोर केला. पांढरे धागे दिसायला लागले.

'थांब!'

सही फाटली तर संपलं. अप्पांनी माझ्या मनगटावर आपला हात ठेवला. तो खरखरीत आणि गरम होता, नेहमीच असतो. 'सोडू नगंस आन् ओढू बी नगंस. नुसतं धर.' त्यांनी इस्त्री त्या एका जागेवर आणली, कागदापासून बोटभर वर धरली आणि तशीच ठेवली. ती कोळशाची इस्त्री सात-आठ किलोंची आहे. ती हवेत धरून ते उभे राहिले. दंडाची शीर उडत होती. आई देवाचं काहीतरी पुटपुटत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

'ओढ.'

आलं. पलीकडे जाऊन सगळंच आलं. मी कागद उलटून बघितला. पुढे सही जागच्या जागी, शिक्का जागच्या जागी, वर चकचकीत प्लास्टिक. मागे कोरा कागद, थोडा चिकट, पण कागद. आईने धावत जाऊन पावडरचा डबा आणला आणि तान्ह्या बाळाला लावावी तशी त्याला पावडर लावली. चिकटपणा गेला. अप्पा खाली स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

अप्पा माझ्याबरोबर यायला निघाले, ते इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट मी लग्नकार्याशिवाय बघितलेला नाही. रिक्षात मी म्हणाले, 'अप्पा, काल मी मुद्दाम म्हणाले ते...'

'रिक्षात बोलू नये,' अप्पा म्हणाले. 'आयकू येत न्हाय.'

आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकी जेवणासाठी नुकतीच बंद झाली होती. अडीचला उघडली. पुढे बारा जण. आमचा नंबर आला तेव्हा साडेतीन होत आले होते. मॅडमनी मायग्रेशन घेतलं, कालच्यासारखं वाजवलं, उलटलं, आणि नाकाजवळ नेलं.

'याला पावडरीचा वास कशाचा येतोय?'

मी सांगायला लागले आणि मधेच अडखळले. अप्पांनी सांगितलं. मागचंच काढलंय, पुढं हात लावला न्हाय, बघा. मॅडमनी बॉलपेन घेऊन एका कडेला बारीक रेघ ओढून बघितली. रेघ उमटली. पुढची सही, नंबर, सगळं चष्म्याजवळ नेऊन तपासलं.

'मला एकटीला ठरवता येत न्हाय. साहेबांना दाखवून येते.'

साहेब मीटिंगमध्ये होते. मॅडम कागद घेऊन आत गेल्या आणि आल्याच नाहीत. समोर भिंतीवर घड्याळ. चार. चार वाजून दहा. मागच्या रांगेतली मुलं कुरकुरायला लागली. अप्पा दोन्ही हात मागे बांधून सरळ उभे होते, मुलाखतीला आल्यासारखे. मला एकदम त्या जुन्या दाखल्याची आठवण झाली, आणि वाटलं, आता जर नाही म्हणाले तर मला माझ्यापेक्षा यांचंच जास्त वाईट वाटेल. हा माणूस दुसऱ्यांदा एका कागदापायी हरेल आणि या वेळी त्याला पाण्याला दोष देता येणार नाही.

साडेचारला मॅडम आल्या. कागद पालथा घातला, रजिस्टर बघून नोंद लिहिली, शिक्का शाईत बुडवला आणि मारला. मग अंगठा फिरवून बघितला. अंगठा कोराच राहिला.

मी खिडकीच्या दगडावर डोकं टेकलं. अप्पांनी शिक्क्यावर दोनदा फुंकर मारली.

'फॉर्मचं शेवटचं पान कुठंय?' मॅडम म्हणाल्या. 'पालकांची सही, कारण. ते नसलं तर एन्ट्री होत न्हाय.'

ते पान मी कालपासून विसरूनच गेले होते. आता पावणेपाचला हा माणूस तीन रेघा कधी भरणार? एक ओळ लिहायला त्यांना पाच मिनिटं लागतात. मी म्हणणार होते, द्या, मी लिहिते, तुम्ही नुसती सही करा. तेवढ्यात अप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी काढली आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून आत सरकवली.

पान भरलेलं होतं. खाली त्यांची वळणदार सही होती आणि सहीखाली तारीख. सोमवारची. लॅमिनेशनच्या आधीची, माझ्या ओरडण्याच्या आधीची.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. 'मुलीचे तिथे मन लागले नाही. आमचेही इथे लागले नाही.'

अप्पा भिंतीवरच्या नोटिसा वाचायला लागले होते. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

'काका,' मॅडम म्हणाल्या, 'हितं एवढं लिहायचं नसतंय. कौटुंबिक कारण, एवढंच लिहितात समदे.'

'मग हे दुसरं काय हाय?' अप्पांनी विचारलं.

मॅडमनी पान तसंच फाइलला लावून घेतलं.